मेंढीच्या कातड्यात झोपलेला चुना

क्लबच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या पाणगुहांच्या गावातले झाडून सगळे पाणबुडे टेबलाभोवती दाटले होते. ड्वेन ट्रेसिडरने वापरलेल्या चुन्याचे जांभळे खडे काल सर्वांसमोर मेंढीच्या कातड्यात गुंडाळले होते. आज कातडे सोडले, तर खडे पांढरेशुभ्र!

"चुना मरत नाही मंडळी, दमतो!" ट्रेसिडर गरजला. "या कातड्यात झोपला की त्याला आपलं शिंपल्यातलं बालपण आठवतं. एकदा घ्या, जन्मभर वापरा!"

टाळ्या पडल्या. क्लबच्या अध्यक्ष नोरीनबाईंनी तर डोळे पुसले.

हा चुना श्वासयंत्राच्या डब्यात भरतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तो धरतो, म्हणून पाण्याखाली तीच हवा पुन्हा घेता येते. चुन्याची ताकद संपली की तो जांभळा होतो, मग फेकायचा. माझी नात टॅमसिन मात्र उद्या हाच झोपवलेला चुना घेऊन गुहेत उतरणार होती.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले, पण चारचौघांत बोलायचे म्हटले की मी मागच्या रांगेत सरकतो. शिवाय आपलेच चुकत असले तर? तरी पिशवीत चुन्याची निवळी आणली होती; कार्बन डायऑक्साइड लागला की ती दुधाळ होते.

"टॅमी, हे खडे तुझ्या डब्यात भर आणि एका नळीने फुंक. पलीकडची नळी निवळीत बुडव."

"आजोबा, सगळ्यांसमोर?"

"फुंक गं."

निवळी स्वच्छच राहिली.

"मास्तर, घरी जाऊन पुस्तक वाचा!" ट्रेसिडर म्हणाला. हशा पिकला. टेबलाखाली शिरावेसे वाटले.

"अजून फुंक," मी पुटपुटलो.

ती फुंकत राहिली आणि निवळी दुधाळ झाली. मग दुसऱ्या डब्यात नवा चुना घेतला. पोरगी लालबुंद होईपर्यंत फुंकत राहिली, तरी निवळी नितळ.

"पांढरा असून वायू आरपार?" नोरीनबाईंनी विचारले.

"खड्यांत रंगद्रव्य असतं. चुना पडून राहिला की वरवर थोडा ताजा होतो आणि रंग उडतो. आतला चुना कधीच खडू झालाय. बुटाच्या खोक्यात ठेवला असता तरी पांढराच झाला असता."

"मग ड्वेन, उद्या हा डबा घेऊन तूच उतर की!" नोरीनबाई म्हणाल्या.

"माझी पाठ जरा..." ट्रेसिडर कातडे गुंडाळू लागला.

टॅमसिनने डबा कचऱ्यात रिकामा केला आणि नव्या चुन्याची पिशवी फोडली.

मंडळी, चमत्कार दिसला तर टाळ्या जरूर वाजवा. पण त्याच्या भरवशावर कुणाला पाण्यात उतरवण्याआधी, थोडे जास्त वेळ फुंकून पाहा.