हलका हात

रक्त काढणाऱ्या माणसाला बघून आनंद होईल असा जीव जगात एखादाच असतो, आणि तो अठरा दिवसांपूर्वी वॉशिंग मशीनच्या मागे मेला होता. तो जीव ज्यांचा होता, त्या गृहस्थांना हॉस्पिटलात येणारी पोरं सुईकाका म्हणत. पुढे मोठी माणसंही म्हणायला लागली. घरातसुद्धा कुणाला त्यांना चिडवायचं असलं की हेच नाव निघे.

सुईकाकांचा हात हलका होता, यात खोटं काही नाही. सव्वीस वर्षं ते रक्ततपासणीच्या खोलीत त्याच एका खुर्चीपुढे उभे होते. म्हाताऱ्यांच्या दडी मारून बसलेल्या शिरा त्यांना नुसत्या बोटाने चाचपून सापडत. लोक डोळे गच्च मिटून विचारत, "कधी टोचणार?" आणि काका कापूस दाबत म्हणत, "झालं. उठा." पण हात हलका असून उपयोग काय? लोकांना ते टोचून झाल्यावर कळतं. तोवर काका दिसले की लहान मुलं भोकाड पसरायची आणि मोठी माणसं उगाच छताकडे बघायची. दिवसाला साठ-सत्तर माणसं आपल्याला बघून तोंड वाकडं करतात, हे पगारी काम असलं तरी माणसाला लागतंच.

संध्याकाळी घरी मात्र बाईसाहेब दाराशी बसलेल्या असत. बाईसाहेब म्हणजे मांजर. करडी, एका कानाला खाच, आणि नाकावर माशी बसू देणार नाही असा स्वभाव. काकांच्या बायकोला ती मोजत नसे, लेकीला नखं दाखवी, पाहुण्यांकडे पाठ करून बसे. पण काका खुर्चीत टेकले रे टेकले की ही सरळ मांडीवर. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. काकांचा चहा बायकोने हातात आणून द्यायचा, कारण काका उठले तर बाईसाहेबांना उठावं लागेल.

मग बाईसाहेबांची मूत्रपिंडं बिघडली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने काकांच्या लेकीएवढ्या होत्या. त्यांनी सांगितलं, "रोज कातडीखाली सलाईन द्यावं लागेल. इथे घेऊन येत जा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे."

"इथे कशाला? मी घरीच देईन. सव्वीस वर्षं दुसरं काय करतोय?"

"तुम्हाला जमेलच हो. पण ती तुमच्यावर राग धरेल. माझ्यावर धरू दे की. मला सवय आहे."

काकांना ते झोंबलं. कालची पोर आपल्याला सुईबद्दल शिकवणार! "माझा हात हलका आहे," ते म्हणाले, "तिला कळणारसुद्धा नाही." यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

कारण बाईसाहेबांना कळलं. माणसाला सांगता येतं की बाबा, डोळे मीट, आता होईल. मांजराला काय सांगणार? मांडीवर ती शांत बसते म्हणून काका तिला मांडीवरच घेत, मानेमागची कातडी चिमटीत उचलत आणि सुई घालत. चौथ्या दिवशी ती मांडीवरून उडी मारून गेली. सहाव्या दिवशी संध्याकाळी दाराशी नव्हती. दहाव्या दिवसापासून जिन्यात काकांची पावलं वाजली की ती पलंगाखाली, कपाटामागे, जिथे फट मिळेल तिथे शिरायची. काका पोटावर झोपून तिला ओढून काढत आणि टोचत. तेविसाव्या दिवशी ती सापडेचना. मशीन पुढे ओढलं तेव्हा मागे भिंतीला नाक लावून पडलेली दिसली. अंग थंड झालेलं होतं.

"तिची वेळच आली होती हो," बायको म्हणाली होती.

"वेळ आली होती, मान्य. पण ती माझ्यापासून लपून मेली."

"तुमच्यापासून कुठे? सुईपासून लपत होती."

"आणि सुई काय हवेतून येत होती?"

 तेव्हापासून काका सगळ्या जगावर चिडत. नळ गळतो म्हणून चिडत, दुरुस्त करणारा आला की उशिरा आला म्हणून चिडत. मशीन अजून तसंच पुढे ओढलेलं होतं. मोरीत जाताना बायकोला तिरकं व्हावं लागे, पण काका ते मागे ढकलू देत नव्हते आणि का, ते सांगतही नव्हते.

अशात अठराव्या दिवशी लेक ऑफिसातून बुटांचा खोका घेऊन आली.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"पिल्लू."

"ते दिसतंय मला. इथे काय करतंय?"

"राहतंय," लेक म्हणाली. बापाचीच लेक ती.

पिल्लू मूठभर होतं, काळं-पांढरं. ऑफिसच्या तळघरात, गाड्या लावतात तिथे सापडलेलं. दोन्ही डोळे पिवळ्या चिपडांनी चिकटून गेले होते. जमिनीवर ठेवल्याबरोबर ते मोठ्या ऐटीत चालायला लागलं आणि टेबलाच्या पायावर आपटलं. वळलं, आणि खुर्चीच्या पायावर आपटलं. मग खाली बसून त्या खुर्चीवर ओरडलं.

"बाबा, मी येतायेता डॉक्टरांना दाखवून आणलंय. थेंब दिलेत. दिवसातून सहा वेळा, दहा दिवस. अगदी बरोबर डोळ्यात पडायला हवेत. म्हटलं, तुझा हात हलका—"

"हाताचं नाव काढू नकोस."

"अरे पण—"

"राहायचं तर राहू दे त्याला. वाळूचा ट्रे मी साफ करीन, मासे मी आणीन. औषध मी देणार नाही. या घरात आता मी कुणालाही औषध देणार नाही. तुम्ही दोघी धडधाकट आहात."

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, या प्रश्नावर म्हणे सगळी उंदरांची सभा अडली होती. इथे तर नुसते दोन थेंब घालायचे होते, तरी दोन बायकांच्या नाकी नऊ आले. लेक धरायची, आई थेंब सोडायची. पहिला थेंब पिल्लाच्या नाकावर पडला, दुसरा लेकीच्या बाहीवर, तिसरा आईच्या चष्म्यावर. पिल्लू टॉवेलातून साबणासारखं निसटायचं. आईला त्याची दया यायची आणि नेमक्या वेळी ती स्वतःचेच डोळे मिटायची.

काका पेपर तोंडापुढे धरून बसायचे, पण पेपरातून आवाज यायचा. "खालची पापणी ओढा... अगं, समोरून नको आणूस बाटली, मागून आण. समोरून आणलीस की ते बिचकणारच."

"इतकं कळतंय तर उठा की," बायको म्हणायची. "उंटावरून शेळ्या कशाला हाकताय?"

"बरं, मी बोलतच नाही."

आणि अर्ध्या मिनिटाने, "अगं, डोकं धर त्याचं, डोकं!"

तिसऱ्या दिवशी पिल्लाला पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. लेकीला सुट्टी नव्हती आणि बायकोने मुद्दाम कंबर दुखते असं सांगितलं. झक मारत काका खोका घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली पापण्या उघडल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. "उजव्या डोळ्यावर हे पांढरं दिसतंय? जखम झालीय. औषध आत जातच नाहीये. कोण घालतंय?"

"घरचे."

"घरचे म्हणजे?"

"बायको आणि मुलगी."

"आणि तुम्ही?"

काका खोक्याच्या कडेवरचा कागद नखाने सोलत राहिले. मग एकदम म्हणाले, "तेव्हा तुमचं ऐकायला हवं होतं मी. अकरा वर्षं ती माझ्या मांडीवर बसली, आणि शेवटी माझ्या पावलांना घाबरून मेली. पुन्हा ते माझ्याच्याने होणार नाही. रोज साठ-सत्तर माणसं घाबरतात मला. एवढं पुरे झालं."

डॉक्टरीणबाईंनी समजूत बिमजूत काही काढली नाही. "इथे आणली असती तर रोज पिंजऱ्यात ओरडत आली असती," त्या म्हणाल्या. "कदाचित संध्याकाळी तुमच्या मांडीवर बसलीही असती. मला खरंच माहीत नाही. पण याला दिवसातून सहा वेळा मी बोलावू शकत नाही. उजवा डोळा चार-पाच दिवसांत हातचा जाईल. डावाही त्याच वाटेवर आहे. आजपासून पुन्हा दहा दिवस मोजा, आणि थेंब आत पडले पाहिजेत. कोण घालणार, ते तुमचं तुम्ही ठरवा."

ठरवण्यासारखं त्यात काय राहिलं होतं? घरी येईपर्यंत काका त्या खोक्याशी भांडत होते. "तुला दुसरं घर नाही मिळालं? शहरात माझी एकच लेक होती का?" खोक्यातून बारीक आवाजात उलट उत्तरं येत होती.

काकांनी दहा दिवसांची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, घरी कोण आजारी आहे? काकांनी खरं ते सांगितलं आणि सगळ्या खात्यात हसू झालं. घरी बायकोने आठवण करून दिली, "माझ्या ऑपरेशनला तीन दिवस मिळाली होती म्हणे रजा."

"तुला डोळ्यात थेंब घालायचे नव्हते," काका म्हणाले.

या वेळी मांडी नको, हे त्यांनी आधीच ठरवलं. टेबलावर टॉवेल, टॉवेलात पिल्लू, डाव्या हाताच्या दोन बोटांत डोकं, उजव्या हाताने मागून बाटली. टप. दुसरा डोळा. टप. सगळं मिळून पाच सेकंदं. लेक बघतच राहिली. पिल्लाने त्या हलक्या हाताचं कौतुक म्हणून काकांचा अंगठा रक्त निघेपर्यंत फोडला आणि टेबलावरून खाली उडी घेऊन थेट भिंतीवर आपटलं.

आणि मग व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच दिवशी पिल्लाला काकांची पावलं कळायला लागली. काका खोलीत आले की ते उठून पळायचं, आणि पळताना स्टुलावर, बादलीवर, दाराच्या कडेवर आपटायचं. तो आवाज काकांच्या छातीत बसायचा. झोपायला त्याला बायकोची मांडी लागे, खेळायला लेकीच्या वेण्या लागत. काका लांबून बघायचे आणि त्यांना स्वतःच्या बायकोचा हेवा वाटायचा. इतका, की एकदा चहात साखर कमी आहे म्हणून ते तिच्यावर खेकसले. साखर बरोबर होती.

सातव्या दिवसापर्यंत चिपडं गेली आणि दोन्ही डोळे उघडले. पण त्यांवर निळसर धुकं होतं. काका लांबून बोट हलवत, पिल्लू हलायचं नाही. चमचा वाजवला की मात्र कान टवकारायचं.

"दिसतंय का हो त्याला?" बायको विचारायची.

"मला काय माहीत? मी काय त्याच्या डोळ्यात जाऊन बसलोय?" काका म्हणायचे. आठव्या दिवशीही ते स्टुलावर आपटलं. लेकीने ते स्टूल उचलून बाहेर नेऊन ठेवलं, तर काका ओरडले, "आण ते आत! तिथेच असू दे. किती दिवस जग रिकामं करत बसणार आहेस त्याच्यासाठी?"

नवव्या दिवशी लेकीला सुट्टी होती. दुपारी ती आणि आई जमिनीवर बसल्या होत्या आणि पिल्लू खिडकीत उन्हाला पसरलं होतं. निदान पळून आपटू तरी नये म्हणून काका अनवाणी, श्वास रोखून आले. खिडकी उघडी होती, वारा बाहेरून आत येत होता. काका अजून उंबऱ्यातच होते, हातात ती बोटभर बाटली. पिल्लाने मान वर केली. काकांकडे बघितलं. मग बाटलीकडे बघितलं.

आणि ते सुटलं. खिडकीतून खाली, खुर्चीच्या चार पायांमधून, स्टुलाला वळसा घालून, बायकोच्या पसरलेल्या पायांवरून उडी, बादली आणि भिंत यांच्या बोळातून, आणि अर्धवट उघड्या दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत. कुठेही आवाज झाला नाही.

"झालं!" लेक कळवळून म्हणाली. "आता तुझ्या सावलीलासुद्धा उभं राहायचं नाही ते. बाबा, तू वाईट वाटून—"

"मी पाय वाजवला का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"खोकलो? बोललो काही?"

"नाही हो," बायको म्हणाली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"मग दिसलो मी त्याला," काका म्हणाले. "इतक्या लांबून दिसलो."

ते तिथेच उंबऱ्यात खाली बसले आणि महिनाभरात पहिल्यांदा रडले. चांगले हुंदके देऊन, नाक वर ओढत रडले. बाईसाहेब गेल्या तेव्हाचं सगळं त्यात होतं, आणि आनंदही होता. किती कशाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. लेक पुढे व्हायला निघाली, तर आईने तिला दंडाला धरून थांबवलं.

मग काका उठले, बाहीने डोळे पुसले आणि पलीकडच्या खोलीत जाऊन कपाटासमोर पोटावर झोपले. फटीत अगदी आत दोन डोळे चमकत होते आणि त्यांच्यावर रोखलेले होते. काकांनी हात आत घातला. आतून फिस्कारण्याचा आवाज आला.

"पळ, बाबा," काका म्हणाले. "जन्मभर पळ माझ्यापासून. पण आजचे थेंब घालून घे आणि मग पळ."