अंधारातले अण्णा

मित्रांनो, बोरीवलीच्या एका घरात खिडकीजवळच्या फळीवर टॉवेल पांघरून जो थकलेला प्रोजेक्टर बसला आहे, तो मी. माझा जन्म ऑफिसच्या कामासाठी झाला. ट्यूबलाइट चालू असतानाही टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाला तक्ते आणि अक्षरे स्वच्छ दिसावीत, म्हणून मला भरपूर उजेड दिला गेला. अंधार मात्र मला कधीच जमला नाही. जिथे काळे हवे तिथे मी राखाडी उजेड सांडतो. ऑफिसात ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

अंधेरीच्या एका कंपनीत मी वर्षानुवर्षे राबलो, कौतुकही झाले. मग भिंतीवर मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे नोकरीला असलेल्या श्रेयसने मला मागून घेतले, घरी आणले, आणि माळ्यावर मखराच्या खोक्यामागे ठेवून तो विसरला.

त्या घरात एक माणूस नव्हता. श्रेयसचे वडील, अण्णा. त्यांना जाऊन वर्ष होत आले होते. घरातले सगळे समारंभ त्यांनीच कॅमेऱ्यात टिपले, त्यामुळे एकाही व्हिडिओत ते स्वतः दिसत नसत. त्यांची पत्नी शुभाताई मात्र सांगत, की श्रेयसची बहीण गंधाली लहान असताना तिच्या वाढदिवसाला दिवे मालवले तेव्हा कॅमेरा शोकेसवर ठेवून ते आपल्या मागे येऊन उभे राहिले होते. टीव्हीवर त्या जागी नुसता काळोख दिसे. तरी त्या रोज संध्याकाळी तेवढाच भाग लावत, काळोखाकडे बघत बसत. मध्येच हळू हसत. मुलांना त्या हसण्याची धास्ती वाटू लागली.

आईचे मन रमावे म्हणून श्रेयसने होम थिएटरचा प्रोजेक्टर घ्यायचे ठरवले. एका दुपारी दुकानातून तो नवा प्रोजेक्टर घरी लावून बघण्यासाठी आला. घेण्याआधी जुनाही लावून बघू, असे गंधालीने सुचवले, म्हणून मी माळ्यावरून उतरलो.

पडदे ओढले. आधी नवा लागला. काय सुंदर रंग! गंधालीचा पिवळा फ्रॉक, मेणबत्त्यांनी उजळलेले चेहरे, जणू माणसे आत्ता बोलतील. आणि मागचा काळोख मखमलीसारखा, गाढ. शुभाताई पुढे वाकल्या, मग मागे टेकल्या.

"आई, तिथे कुणी नव्हतंच गं," श्रेयस म्हणाला. "तुला नुसतं तसं वाटतंय."



मग माझी पाळी. माझ्यात तेच चेहरे खडूने माखल्यासारखे पांढुरके झाले. श्रेयस मला बंद करायला उठला, आणि तेवढ्यात काळोखाची जागा भिंतीवर राखाडी झाली. त्या राखाडीतून आधी एक खांदा वर आला, मग चष्म्याची काच, मग पुढे आलेला हात. सगळे मेणबत्त्यांकडे बघत होते. तो माणूस एकटाच कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट माझ्या भिंगात बघत होता.

गंधालीने श्रेयसचा दंड घट्ट धरला. शुभाताई उठून भिंतीपाशी गेल्या. माझा उजेड त्यांच्या अंगावर पडला आणि तो हात त्यांच्या खांद्यावर येऊन टेकला.

"मी सांगत नव्हते?" त्या म्हणाल्या.

सिनेमे, क्रिकेट यांसाठी नवा प्रोजेक्टर घेतलाच. मलाही ठेवून घेतले. माझा दिवा आता म्हातारा झाला आहे, तसला बाजारात मिळत नाही. शुभाताई मला क्वचितच लावतात, आणि दर वेळी तो हात जरा पुसट झालेला असतो. कधीकधी मी बंद असतानाही समोरच्या भिंतीतून कुणीतरी माझ्या भिंगात बघत असल्यासारखे वाटते.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल तर त्याच्या जाळीवरची धूळ पुसत जा. आणि दिवा मालवला की लगेच वायर ओढू नका. आतला पंखा थोडा वेळ फिरतच राहतो, आतली धग निवायला वेळ लागतो. शुभाताई तोवर कोऱ्या भिंतीसमोर बसून राहतात. पंखा थांबला, की मगच उठतात.