तीन हाका

सतरंजीच्या काठाचा एक दोरा सुटलेला... भुजंगासनात मान वर उचलली की तो रोज दिसतो, पण आज माणिकची नजर तिथंच राहिली. पालमच्या शाळेत मास्तरकी लागल्यापासून एकोणीस वर्षं, रोज पहाटे पाचला, याच सतरंजीवर — दुष्काळाच्या साली तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीवर होता, तेव्हाही खाडा नाही. लहानपणापासूनचा दमा इथंच गेला. सुरुवातीला त्याला उठवायची आई, बायनाबाई. सतरंजी अंथरून दारात बसायची आणि कुणी फिरकलं की म्हणायची, "लेकाचा दम मोडंल, हाक मारू नगा कुनी." पुढं तो घरचा कायदाच झाला.

योगानं दिलं नाही असं कोण म्हणेल? श्वास दिला, झोप दिली, हातातली छडी सोडवली. आणि आसनं शिकवणाऱ्या तात्याराव गुरुजींनी दिलेली ती अवघड गोष्ट — आवाज आला तर येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा, त्याच्यामागं मन धाडायचं नाही. ते जमायला बारा वर्षं गेली.

आई जाऊन तीन महिने झाले होते. बायकोनं, चतुरानं, चहाची कपबशी पुढं ठेवली, पण उठली नाही.

"शेजारच्या कडूबाई सांगायल्या व्हत्या... आत्याबाई गेल्या त्या दिशी त्यांनी तीनदा हाक मारली म्हनं तुमाला. भिंतीपल्याड ऐकू गेलं त्यांना. मी आडावर पान्याला गेलते. तुमी तर घरातच व्हता."

"शवासनात होतो."

"म्हंजी ऐकू आलं न्हाई?"

"नाही."

खोटं. साफ खोटं. 'माणक्या' — पहिली हाक आली, मी येऊ दिली. दुसरी जाऊ दिली. तिसरी अगदी बारीक होती... आणि मला तेव्हा अभिमान वाटला, मन हललं नाही म्हणून! कायदा तिचा, तिनंच मोडला, आणि मी पोरगा शहाणा, पाळत बसलो. पाणी हवं होतं का तिला? की नुसतं कुणी जवळ? उठून गेलो तेव्हा विचारायला ती नव्हती.

चतुरा कपबशी तशीच ठेवून आत गेली.

आता तरी छाती भरून यावी, लहानपणी यायची तशी. शिट्टी वाजावी, डोळे पांढरे व्हावेत, धाप लागावी... तो वाट बघत बसला. श्वास आत गेला, बाहेर आला, लांब आणि एकसारखा, आणि माणिकला आयुष्यात पहिल्यांदा त्या श्वासाची किळस आली.