पंजाब अकोल्याले जाते का?

त्रेसष्ट सालच्या जूनमध्ये आमच्या अमरावतीत एकच प्रश्न होता, पंजाब अकोल्याले जाते का? पेरण्या सोडून लोक बास्केटबॉलवर बोलत, आणि बोलायची जागा म्हणजे माझ्या बाबांचा ओटा. पंजाब आमच्या क्लबचा हुकमी खेळाडू. अर्ध्या मैदानावरून बॉल टाकी तो सरळ जाळीत. आणि तो माझा नवरा. नाव घेतलं म्हणून काय झालं? सारं गाव घेत होतं, मीच काय पाप केलं!

लग्नसुद्धा त्या खेळापायीच झालं. आदल्या वर्षीही अकोलेवाले त्याला नेणार अशी हूल उठली होती. माझे बाबा, खुशालराव, कचेरीत कारकून आणि क्लबचे सगळ्यात येडे चाहते. गावचा जावई झाला की जाईल कुठं, अशी त्यांनी शक्कल काढली आणि वैशाखात मला उजवून टाकलं. मला खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. माणूस भला निघाला, हे बाबांचं नशीब.

आमची खोली बाबांच्या घराला लागूनच होती, म्हणून ओट्यावरचा चहा माझ्याच गळ्यात. रोज संध्याकाळी आठ-दहा जण जमत. डोमाजी अकोल्याच्या एसटीवर कंडक्टर. दोन रविवार पंजाब इस्त्रीचा सदरा घालून अकोल्याला उतरला, हे त्यानं शपथेवर सांगितलं. पानठेल्यावाल्या नारायणच्या मते तिथला कोणी मिलवाला शेठ त्याला नोकरी देत होता, वर सायकल. दुसऱ्या दिवशी सायकलीच्या जागी राहायला मिलचा क्वार्टर आला. एकानं तर शेठची मोटरही पाहिली. पंजाबला विचारलं तर तो नुसता हसे आणि मैदानावर सटके. मग पोस्टमनला विचारलं, ज्या कापडाच्या दुकानात तो काम करी त्याच्या मालकाला विचारलं. मी कपबशा उचलत होते. मला कोणी विचारलं नाही.

खरी गोष्ट माझ्या ट्रंकेत होती, लुगड्यांच्या तळाशी. लग्नाआधी मी मास्तरणीचा कोर्स केला होता. अकोल्याच्या मुलींच्या शाळेतून नेमणुकीचा कागद आला होता, एक जुलैला हजर व्हा म्हणून. तो मी फक्त पंजाबला दाखवला. वाटलं, हा कागद फाडतो की काय. तो म्हणाला, "तू जाय. मीबी येतो. बॉल तिथंबी गोलच रायते." दोन्ही रविवार तो खोली पाहायला गेला होता. बाबांना सांगायचं काम मात्र त्यानं माझ्यावर टाकलं, आणि माझी जीभ रेटेना. बाबांचा जीव त्या पोरात होता. मी तो काढून नेत होते.

जूनच्या शेवटच्या रविवारी मंडळींनी ठरवलं, अकोल्याला जायचं आणि त्या शेठला जाब विचारायचा. बाबांनी कोट चढवला, टोपी घातली. आता हे लोक एखाद्या भल्या माणसाच्या दारात जाऊन तमाशा करणार! मी ट्रे खाली ठेवला.

"कोनी शेठ नाही, बाबा. मले नोकरी लागली अकोल्याले. ते माह्यासंगं येऊन राहिले."

बायकोच्या नोकरीपायी गडी गाव सोडतो, हे त्यांच्या डोक्यातच बसेना. बाबांनी टोपी काढली.

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कधी? महिना झाला, मी इथंच चहा देऊन राहिली."

मंडळी एक-एक करून उठली. मला रडू आलं, आणि मी रडलेही. मग बाबांनी कागद मागितला, दोनदा वाचला, आणि शाळेत बास्केटबॉल आहे का एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

दसऱ्याला ते अकोल्याला आले. अमरावतीच्या लोहाराकडून घडवलेल्या दोन लोखंडी रिंगा एसटीत मांडीवर घेऊन आले होते. पुढं तीस वर्षं माझ्या शाळेतल्या मुली त्या रिंगांवर खेळल्या. लोहारानं मजुरी घेतली नाही, हे डोमाजीनं मला सांगितलं. जावयासाठी का, असं लोहारानं बाबांना विचारलं होतं म्हणे.

बाबा म्हणाले, "नाही गा. पोरीच्या शाळेसाठी."