न पुरवलेले वाक्य

नाटक कंपनीत तिला सगळे 'प्रॉम्प्टरबाई' म्हणत. विंगेतल्या अंधारात मांडीवर संहिता घेऊन बसायचे आणि नट अडला रे अडला की पुढचे वाक्य त्याच्या कानापर्यंत पोहोचवायचे, हे तिचे काम. प्रेक्षकांना चूक कळण्याच्या आत तिने ती सावरलेली असे. कंपनीतला प्रमुख नट म्हणे, "बाई जवळ असल्या की जांभईसुद्धा पुरी देता येत नाही. तोंड उघडलं की वाक्य आत." ती हसून घेई. त्यात कौतुकच आहे, हे तिला ठाऊक होते.

घरीही ती तेच करीत आली होती, फक्त ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. लेकीला लहानपणी टिटवी म्हणत, कारण तिची बडबड क्षणभर थांबत नसे. पुढे शाळा बदलली, वर्गात मोठ्याने वाचताना एकदा जीभ अडखळली, पोरे हसली आणि टिटवीची वाचाच बसली. घरात ठीक असे. बाहेर कोणी काही विचारले की ती आईकडे पाही आणि उत्तर आई देई. दुकानदाराला, डॉक्टरांना, शेजारच्या काकूंना. मागच्या तोंडी परीक्षेला मात्र आई शेजारी नव्हती. टिटवी उठली, पांढरीफटक पडली आणि वर्गाबाहेर पळाली. शाळेने आणखी एक संधी दिली होती, उद्या सकाळची. ती हुकली तर वर्ष वाया जाणार होते.

त्यासाठीच ऑनलाइन उपचार सुरू केले होते. चिंतेने ग्रासलेल्या मुलांसाठीचा तो कार्यक्रम: दर आठवड्याला लॅपटॉपवर एक धडा आणि धड्यानंतर समुपदेशक ताईंशी पडद्यावर भेट. मनात आलेला विचार पकडायचा, तो खरा की नुसता बागुलबुवा हे प्रत्यक्ष करून पाहायचे, सोप्याकडून अवघडाकडे एकेक पायरी चढायची. पालकांसाठीही एक धडा होता: मुलांच्या वतीने बोलू नका. आईने तो मन लावून वाचला, अखेरच्या प्रश्नांची उत्तरे बिनचूक दिली आणि पुढच्याच भेटीला लॅपटॉपमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, स्टूल घेऊन बसली. टिटवी अडली की आईचे ओठ हलत. भीती दहापैकी किती वाटते, हेही तिने एकदा बोटांनी सांगितले होते.

ताईंच्या नजरेतून ते सुटले नाही. आज भेट सुरू होताच त्यांनी शांतपणे विचारले, की टिटवी सारखी पडद्याच्या वर कोणाकडे पाहते. मग आई चोरी पकडली गेल्यासारखी कॅमेऱ्यासमोर आली. ताई रागावल्या नाहीत. आजचा प्रयोग टिटवी आणि मी दोघीच करू, आईंनी स्वयंपाकघरात बसावे, एवढेच त्या म्हणाल्या.

आई उठली. तिने मधले दार लोटून घेतले. पुरते लावले मात्र नाही.

पलीकडे हलक्या आवाजात काही बोलणे झाले. तिला शब्द कळेनात. मग स्पीकरवर फोनची घंटा वाजली आणि एक जाडाभरडा आवाज आला: सायकल दुरुस्तीचे दुकान.

"नमस्कार," टिटवी म्हणाली. "माझ्या सायकलचं पुढचं चाक डुगडुगतंय. मला विचारायचं होतं, की..."

आणि ती थांबली.

आई ओट्याला टेकून उभी होती. श्वास घ्यायला थांबलेला नट वेगळा आणि वाक्य हरवून थांबलेला वेगळा. माणूस समोर असता तर तिने तो फरक अचूक ओळखला असता. दाराआडून तिला फक्त शांतता ऐकू येत होती. पलीकडे कुठेतरी हातोडीचा ठोका पडला. "हॅलो?" मेकॅनिक म्हणाला. पोरगी गप्पच. आईच्या डोळ्यांपुढे उद्याचा वर्ग उभा राहिला, वळून पाहणारी तोंडे उभी राहिली. तिने जीभ दाताखाली दाबली. तरी पाय दाराशी गेलेच आणि फटीतून तिचा सवयीचा, दबका, नेमका पोहोचणारा आवाज आत गेला:

"कधी आणू दुरुस्तीला?"

टिटवीने फोन बंद केला आणि दार सताड उघडले. ती रडत असेल असे आईला वाटले होते. ती लालबुंद झाली होती.

"मी मुद्दाम थांबले होते. ताईंनीच सांगितलं होतं, मध्येच गप्प व्हायचं आणि काय होतं ते बघायचं. तू मला बघूच देत नाहीस, आई. कधीच."

आई आत येऊन लॅपटॉपसमोर उभी राहिली.

ताईंनी टिटवीला विचारले, थांबल्यावर काय होईल असे तिला वाटले होते. तो हसेल, टिटवी म्हणाली. नाहीतर चिडून फोन ठेवेल, आणि मग मला परत बोलताच येणार नाही. मग ताईंनी तोच प्रश्न आईला केला. "ती पडेल असं वाटलं," आई म्हणाली. "आणि सगळे बघत राहतील."

फोन पुन्हा लावायचे ठरले. या वेळी आईने समोर बसावे, मला दिसेल असे, हे टिटवीनेच सांगितले. आई स्टुलावर बसली.

"हां, बोला," मेकॅनिकचा आवाज आला.

टिटवीने तेच वाक्य म्हटले आणि ती थांबली. आईने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. पुढचे शब्द तिच्या ओठांशी येऊन उभे होते. लेकीच्या मानेची शीर उडताना तिला दिसत होती. "अहो, बोला की," मेकॅनिक खेकसला. आईने ओठ आत ओढून घेतले.

"पोरासोरांना दुसरा उद्योग नाही," तो पुटपुटला आणि त्याने फोन आपटला.

ज्याची धास्ती होती तेच घडले होते. आता ही उठेल, पळेल, उद्याचे सगळे मुसळ केरात, असे आईला वाटले. टिटवी फोनकडे पाहत राहिली. मग तिने तळहाताचा घाम कपड्यांना पुसला.

"ठेवला त्याने," ती म्हणाली. "पण चाक तर अजून डुगडुगतंयच. मी परत लावते. आता मुद्दाम नाही थांबणार. आपोआप थांबले तर थांबले." मग आईकडे न पाहता ती म्हणाली, "तू जा आता. खाली जा."

आईने पायांत चपला सरकवल्या आणि घराचे दार ओढून घेतले. ती जिन्यात पोहोचली तोवर आतून आवाज आला: "काका, मघाशी मीच फोन केला होता."

त्यापुढे खंड पडला. आईने कठडा घट्ट धरला. मग खंड संपण्याची वाट न पाहता ती भराभर पायऱ्या उतरली आणि वरचे काही ऐकू येणार नाही इतक्या दूर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.