लूमशेजारचा शिवणवर्ग

चारुलतानं फळ्यावर ब्लाउजच्या गळ्याचा आकार काढला आणि वळून, घसा ताणून विचारलं, "कळलं का सगळ्यांना?"

शेजारच्या वकिलांच्या ऑफिसातून भिंतीवर टकटक झाली. तिनं जीभ चावली. लोधीपुऱ्यात वर्षानुवर्षं पॉवरलूमच्या शेडला खेटून शिवणवर्ग चालवला होता. जागा बदलली तरी आवाज अजून तिथल्याच मापाचा होता.

नवी खोली स्टेशनकडच्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर. स्वच्छ फरशी, फळा, आणि शाळेसारखी ओळीत एकामागे एक लावलेली मशीनं. मांडणी पुतण्याची, योगेंद्रची. "काकू, आता तुमचं शिकवणं बायकांना ऐकू तरी येईल," तो म्हणाला होता. तिलाही ते पटलं होतं. जुन्या खोलीत लूमच्या खडखडाटात शब्दांना कामच नव्हतं. सगळ्यांनी टेबलाभोवती दाटीवाटीनं उभं राहायचं आणि तिच्या बोटांकडे बघायचं, एवढंच शिकवणं.

इथं शब्दांना काम मिळालं आणि शिकणं थांबलं. मागच्या ओळीला पुढच्यांच्या वेण्या दिसायच्या, चारुलताची बोटं नाही. त्यातून कुणी काही बोलेना. आधी स्नेहल यायची थांबली, मग भागाबाई. आणखी दोघीतिघी गेल्या तर वर्ग बंदच करावा लागणार होता, आणि चारुलताला दुसरं काही करायचंच नव्हतं.

वर्ग सुटल्यावर तिनं रंजिताला जिन्यात गाठलं.

"तू तरी खरं सांग. माझं कुठं चुकतंय?"

रंजिताची सासू रंभाबाईही याच वर्गात शिकायची. ती कठडा धरून सावकाश खाली उतरत होती. रंजितानं तिला रस्त्यावर पोचू दिलं.

"तुमचं नाही चुकत, ताई. पण इथं मन लागत नाही. तिथं मशीन चालवता चालवता मी सगळं बोलून घ्यायचे. बिलकुल सगळं. सासूबाई समोर बसलेल्या असायच्या, आणि मी त्यांच्याबद्दलच भागाबाईच्या कानात ओरडायचे. लूमच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार? डोकं हलकं करून घरी जायचं. इथं जरा तोंड उघडलं की वकीलसाहेब भिंत वाजवतात."

चारुलताला हसू आवरेना. इतकी वर्षं आपण ब्लाउज शिकवतोय, असा तिचा समज होता.

जुनी खोली अजून रिकामीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बघायला गेली, तर मागोमाग रंभाबाईही आत आली. तिचं घर त्याच गल्लीत. शेजारी लूम जोरात चालू होते. भिंतसुद्धा थरथरत होती.

'तुमच्या सुनेसाठी परत येतेय, हे तुम्हाला कसं सांगू मावशी,' चारुलता तिच्याकडे बघत स्वतःशीच पुटपुटली.

"सांगायचं कशाला? ये परत," रंभाबाई तिच्या कानाशी येऊन ओरडली.

चारुलता बघतच राहिली. रंभाबाईनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, मग शेडकडे दाखवलं.

"लग्नाआधी लूमवर सुताच्या कांड्या भरायचे मी. तिथं कान काय कामाचे? आम्ही पोरी ओठच वाचायचो."

"म्हणजे रंजिता जे काही बोलायची..."

"सगळं. पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मग काय करू? घरी विचारलं तर 'हो आई', 'काही नाही आई'. पुढं गाडीच जात नाही. पहाटे पाणी भरायला उठायचं तिच्या जिवावर येतं, हे मला या खोलीत कळलं. तवापासून मीच उठते. म्हटलं, मला म्हातारीला झोप कुठं लागते." ती थांबली. "लागते चांगली. पण ते असू दे. आता महिना झाला, तिच्या मनात काय चाललंय, काही पत्ता नाही मला."

चारुलतानं पदरानं टेबलावरची कापसाची धूळ झटकली. मग जरा विचार करून ती म्हणाली, "मावशी, तुमचं मशीन भिंतीकडे तोंड करून लावू का? बिचारीला मोकळेपणी बोलता येईल."

रंभाबाईनं खोलीभर नजर फिरवली. एक स्टूल पायानं ढकलत ती खिडकीपाशी घेऊन गेली.

"नको. मी इथं बसते, खिडकीला पाठ करून. तिला माझ्यासमोर बसव. उजेड तिच्या तोंडावर पडायला पाहिजे. आताशा मला बारीक दिसत नाही."