चौऱ्याऐंशीचा आकडा कोणाचा?

मित्रांनो, माझ्या नावात ‘गन’ असली तरी उभ्या आयुष्यात मी एकही गोळी झाडलेली नाही. मी पोलिसांची एक जुनी स्पीडगन आहे. रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीचा वेग सांगणं, एवढंच माझं काम. सध्या आंबेगाव तालुक्यातल्या एका चौकीच्या कपाटात, फाटके रेनकोट आणि बिनबॅटरीच्या टॉर्चच्या शेजारी माझा मुक्काम आहे. इथे कामधाम काही नाही, त्यामुळे मागचं आठवत बसते. त्यातली एक गोष्ट मला अजूनही धड उलगडलेली नाही. तुम्हाला सांगून तरी डोक्यातला गुंता थोडा सुटतो का ते बघते.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मला एक काळी पेटी मिळाली आणि पेटीत मला तपासायचा, आपटला की एका सुरात वाजणारा एक पोलादी चिमटा मिळाला. दोन हजार सालानंतर लवकरच मी पुण्याला आले. तिथे एका साहेबांनी हवालदारांना एका दुपारी मला कसं वापरायचं ते शिकवलं. माझी रीत तशी साधी आहे. घोडा दाबला की मी डोळ्यांना न दिसणारी एक लाट सोडते. समोरच्या हलत्या वस्तूवर आपटून ती माघारी येते आणि तिच्यात काय फरक पडला, त्यावरून मी आकडा सांगते. ती वस्तू मोटार आहे की म्हैस, हे मात्र त्या लाटेला कळत नाही.

त्या शिकवणीला आमच्या चौकीतून सयाजी नावाचे हवालदार आले होते. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं, मला मांडीवर घेऊन चौकीत आणलं आणि महिनाभरातच त्यांची बदली झाली. सरकारी खात्यात शिकलेल्या माणसाची बदली आधी होते, असं तिथले शिपाई हसत म्हणायचे. मग मी आले कुंडलिक हवालदारांच्या ताब्यात. माणूस मोठ्या मनाचा, पण मला हातात घेताना नव्या नवरदेवासारखा बावरलेला. चिमटा कशासाठी असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडतात म्हणून त्यांनी तो कागदांवर ठेवून दिला.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. त्यांनी मला टेबलावर तोंड वर करून ठेवलं आणि सहज घोडा दाबला. डोक्यावर पंखा गरगरत होता. मी इमानेइतबारे आकडा दाखवला. कुंडलिक हवालदार एकदा माझ्याकडे, एकदा दाराबाहेर बघू लागले. बाहेर तर चिटपाखरू नव्हतं.

“कोण गेलं रं एवढ्या जोरात?” त्यांनी शिपायाला विचारलं.

“कोणी न्हाई, साहेब.”

“मंग मशीनला दिसलं कसं?”

आपल्याला न दिसणारं मशीनला दिसतं, अशी त्यांनी समजूत करून घेतली. मला तर वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. पण आकड्याशिवाय मला दुसरं काही बोलता येत नाही.

पुढे चैत्रात एका गावच्या यात्रेला कुंडलिक हवालदारांना बंदोबस्त लागला. यात्रा म्हटली की आमच्याकडे बैलगाड्यांची शर्यत आलीच. चढाच्या धावपट्टीला इथे घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्या पळण्याला बारी म्हणतात. बैलांच्या पुढे एक घोडी पळते आणि तिच्या मागे बैल जिवाच्या आकांताने चढ चढतात. वर घड्याळवाला बसलेला असतो. तो सांगेल ती वेळ खरी. घाटातला नियम असा की घड्याळवाल्याच्या शब्दावर कोणी बोलायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी वेगळं दिसलं तरी मुकाट गुलाल झटकायचा आणि बैल सोडून घरी जायचं.

त्या दिवशी घड्याळवाल्याचं घड्याळच ऐन वेळी बंद पडलं. गेणभाऊंचा गाडा खाली जुंपून तयार होता. गेणभाऊ म्हणजे तालुक्यातले मातब्बर गाडामालक. ते थेट कुंडलिक हवालदारांकडे आले.

“हवालदार, तुमच्याकडं ते गाड्या मोजायचं मशीन हाय म्हनं. लावा की आमच्या बैलांना.”

“आवो, ते मोटारीसाठी हाय.”

“पळतं ते पळतं, राव. बैल काय आन् मोटार काय.”

कुंडलिक हवालदारांना स्वतःलाच बैलांचा लई नाद. त्यांनी मला पेटीतून काढलं. घोडी सुटली, मागोमाग बैल सुटले, धुळीचा लोट उठला आणि मी आकडा दाखवला. चाळिसाच्या वरचा होता. स्पीकरवरून तो पुकारला गेला आणि सगळा घाट उठून नाचायला लागला. माझ्या अंगावर गुलाल पडला. कोणीतरी मला हळदकुंकूही लावलं. मित्रांनो, कौतुक कोणाला आवडत नाही? मलाही आवडलं. पण आतून एक शंका कुरतडत होती. तो आकडा बैलांचा होता की पुढे पळणाऱ्या घोडीचा? मला खरोखरच माहीत नव्हतं. आणि एवढ्या माणसांतून एकानेही ते विचारलं नाही.

त्या दिवसापासून माझा शब्द घड्याळवाल्याच्या शब्दासारखा झाला. मशीन म्हणालं म्हणजे झालं. रस्त्यावर अडवलेले लोकही वाद घालेनासे झाले. आकडा कोणी बघायला मागत नसे आणि कुंडलिक हवालदार कोणाला दाखवतही नसत. एरवी एका पानटपरीवर दोन मतं असणारी ही माणसं, पण माझ्यापुढे सगळ्यांची मान खाली. मला याचं नवल वाटायचं.

त्या यात्रेच्या गर्दीत म्हस्कू नावाचा एक माणूस होता. त्याच्या आजोबांच्या मागे शंभर मेंढरं असायची. बापाने मेंढरं विकून थोडी शेती केली आणि म्हस्कूने एक जुनी जीप घेतली. श्रावणात मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरला भाविकांची ने-आण करायची, हा त्याचा धंदा. श्रावणातल्या कमाईवर घरचा वर्षाचा गाडा ओढायचा. जीप इतकी म्हातारी की सकाळी धक्का मारल्याशिवाय तिला जाग येत नसे. तिचा वेगाचा काटा तर कधीच मोडून पडला होता. पण म्हस्कूचा हात असा सांभाळून की म्हाताऱ्या बाया त्याच्याच जीपची वाट बघत थांबायच्या.

श्रावणातल्या एका सोमवारी कुंडलिक हवालदार मला घेऊन घोडेगावच्या पुढे सरळ रस्त्याला उभे होते. समोरून म्हस्कूची जीप येत होती. तिच्या मागून एक खासगी बस सुसाट येत होती, जीपच्या दुप्पट उंच आणि चौपट अवजड. हवालदारांनी मला समोर रोखून घोडा दाबला. माझी लाट गेली, कशावर तरी आपटली आणि माघारी आली. मी चौऱ्याऐंशी दाखवले.

हवालदारांनी हात केला तो जीपला. म्हस्कू कडेला थांबला तोवर बस हॉर्न वाजवत शेजारून निघूनही गेली.

“किती झालं, भाऊ?” म्हस्कूने विचारलं.

“चौऱ्याऐंशी.”

म्हस्कू खाली उतरला. त्याने जीपकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

“मला तर लई हळू वाटत व्हतं.”

“मशीन म्हणतंय.”

“मशीन म्हणतंय म्हंजी आसंल,” म्हस्कू म्हणाला आणि त्याने लायसन काढून दिलं.

मित्रांनो, त्याने भांडायला हवं होतं. आत बसलेल्या बायका बोलत होत्या, की ही गाडी कुठली एवढी पळते. त्यांनाच त्याने गप्प केलं. शर्यतीच्या घाटात वाढलेला माणूस तो. वर बसलेल्याने आकडा पुकारला की आपले डोळे मिटून घ्यायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. मला काहीच कळेना. आकडा मी दाखवला होता हे खरं. पण तो सोडून बाकी कशाचीच मला खात्री नव्हती.

आठवड्याभराने चौकीत म्हस्कूची बायको आली, म्हाळसाबाई. पदर खोचलेला, चेहरा ओढलेला. कुंडलिक हवालदारांना वाटलं, लायसन मागायला आली असेल.

“साहेब आले की मिळंल लायसन, बाई. थोडं थांबा.”

“लायसनचं ऱ्हाऊ द्या,” म्हाळसाबाई म्हणाली. “तुमच्या मशीननं माज्या मानसाच्या डोक्यात काय घातलंय ते काढून द्या.”

“म्हंजी?”

“जीपला हात लावंना झालाय. लायसन आलं तरी चालवायचा न्हाई म्हनतो. आपला पाय किती दाबतो हेच आपल्याला कळत न्हाई, तर लोकांची लेकरंबाळं मागं कशाला बसवायची, आसं म्हनतो. रातचा उठून बसतो. मानूस मारला आसता मी, म्हनतो.”

कुंडलिक हवालदारांनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

“जीप विकायला काढलीय त्यानं,” ती म्हणाली. “ती जीप मी सोता ढकलून चालू करती. ती चौऱ्याऐंशी पळाली तर मी बी पळंन.”

“पण बाई, मशीन खोटं बोलत न्हाई.”

“मंग माजा मानूस खोटा हाय का? तुमी वळखता त्याला.”

हवालदार त्याला ओळखत होते, तीच तर पंचाईत होती. एका बाजूला गुलाल लागलेलं मशीन आणि दुसऱ्या बाजूला धडधडीत खरा माणूस. ते डोकं खाजवत बसले. शेवटी त्यांनी बदली झालेल्या सयाजी हवालदारांना फोन लावला.

“काय रं, या मशीनचं काही चुकतं का कधी?”

पलीकडचं बोलणं मला अर्धवट ऐकू येत होतं. कुंडलिक हवालदार नुसते “हां... हां...” करत होते. मग ते एकेक गोष्ट स्वतःशीच मोठ्याने म्हणू लागले. “आधी चिमटा वाजवून मशीन तपासायचं... रस्त्याच्या रेषेत सरळ धरायचं... समोर एकटीच गाडी पायजे... मागं मोठी गाडी आसंल तर तो आकडा धरायचाच न्हाई... आन् आकडा गाडीवाल्याला दाखवायचा.”

त्यांनी फोन ठेवला आणि कागदांवरचा चिमटा उचलला. टेबलाच्या लाकडी कडेवर आपटला तेव्हा तो बारीक आवाजात गुणगुणायला लागला. तो माझ्यासमोर धरून त्यांनी घोडा दाबला. चिमट्यावर कोरलेला आकडा आणि माझा आकडा तंतोतंत जुळला.

मी सुटकेचा श्वास सोडला असता, पण गोंधळ आणखीच वाढला. म्हणजे मी ठीक होते. म्हस्कूही ठीक होता. मग त्या सोमवारी बिघडलं होतं ते काय?

“बाई,” कुंडलिक हवालदार जड आवाजात म्हणाले, “उद्या सकाळी त्याला जीप घेऊन त्याच रस्त्याला बोलवा. मी एकटाच आसंन.”

दुसऱ्या दिवशी रस्ता धुक्यात ओला होता. म्हाळसाबाईने नवऱ्याला जवळजवळ ओढतच आणलं होतं. जीप भाच्याने चालवत आणली होती. म्हस्कू स्टेअरिंगला हात लावायला तयार नव्हता.

“पुन्हा तसंच झालं तर?” तो म्हणाला.

म्हाळसाबाई जीपमध्ये चढून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसली. मग म्हणाली, “मी बसलीय. मारायचं आसंल तर मला मार. चालव.”

म्हस्कू लांबवर जीप घेऊन गेला आणि वळला. मागे-पुढे एकही वाहन नव्हतं. कुंडलिक हवालदारांनी मला रस्त्याच्या रेषेत सरळ धरलं. जीप घरघरत, खडखडत येऊ लागली. म्हस्कूने पाय तळाला टेकवला होता. इंजिन केविलवाणं ओरडत होतं. मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्याच आकड्याची भीती वाटली. पुन्हा चौऱ्याऐंशी आले तर हा माणूस उरलेलं आयुष्य स्वतःलाच घाबरून काढणार होता.

घोडा दाबला गेला. एकोणपन्नास.

जीप थांबली. कुंडलिक हवालदार धावत गेले आणि त्यांनी माझी काच म्हस्कूसमोर धरली. “बघ, गड्या. नीट बघ. ही तुझी जीप, पुऱ्या ताकदीनं.” मग त्यांनी खिशातून लायसन काढलं. “त्या दिवशी तुझ्यामागं बस व्हती. मी ती बघायला पायजे व्हती. चूक माझी हाय.”

म्हस्कूने लायसन घेतलं, पण खिशात ठेवलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

“मंग त्या दिवशी ह्ये कुनाला बघत व्हतं?”

“बसला आसंल.”

“आसंल नको, भाऊ. आठ दिस मी झोपलो न्हाई. त्येलाच इचारा.”

कुंडलिक हवालदारांनी माझी काच बाहीने पुसली. म्हाळसाबाईही माझ्याकडे बघू लागली. तिघंही माझ्या काचेकडे बघत होते आणि काचेवर नुसते एकोणपन्नास चमकत होते. थोड्या वेळाने तेही विझले.

म्हस्कूने जीप विकली नाही. तो पुन्हा भाविक नेऊ लागला. कुंडलिक हवालदार त्यानंतर दर वेळी चिमटा वाजवूनच मला बाहेर काढायचे आणि समोर दोन गाड्या असल्या की हात खाली घ्यायचे. मग त्यांचीही बदली झाली. नंतर आलेल्यांनी चिमटा कुठे ठेवला ते देव जाणे. माझ्या बॅटऱ्या फुगल्या, महामार्गावर नवी यंत्रं आली आणि मी या कपाटात आले. मला त्याचं दुःख नाही.

दुःख एकाच गोष्टीचं आहे. माझ्यावर सगळ्यात जास्त विश्वास ज्याने ठेवला, त्याच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकले नाही. म्हणून मित्रांनो, आज तुम्हाला सांगते. उद्या कोणी तुमच्या बाबांसमोर, ताईसमोर माझ्यासारखं यंत्र धरलं, तर आदराने विचारा, की हे तपासलंय का, समोर किती गाड्या होत्या आणि आकडा बघू का. विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. यंत्र धरणाराही कधीकधी घाबरलेला असतो, त्यालाही अशा विचारण्याची मदतच होते.

आणि म्हस्कू अजून त्या रस्त्याने जात असेल, तुम्हाला कधी भेटला, तर त्याला माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, त्या सोमवारी मी कोणाला पाहिलं ते मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं. तू मात्र तुझ्या पायाला विचारलं असतंस, तर त्याने खरं सांगितलं असतं.